हिमानीचे किडे

आमच्या कंपनीत सगळ्यात लाडात कोण राहत असेल, तर हिमानीचे किडे. तारापूर एमआयडीसीत आम्ही माणसं नाकाला ओढणी लावून कामाला येतो, दिवसभर डोळे चोळतो आणि संध्याकाळी बोईसर स्टेशनसाठी शेअर रिक्षात एकमेकींच्या मांडीवर बसून जातो. किड्यांना तसलं काही नाही. शेळीच्या पोटात असते तेवढीच ऊब त्यांना कपाटात चोवीस तास. पाणी दोनदा गाळलेलं. खायला कोंबडीच्या रक्तातून काढलेलं सीरम, त्यात साखर, जीवनसत्त्वं, आणि कसला संसर्ग होऊ नये म्हणून वर अँटिबायोटिक्स. माझ्या आईला डेंग्यू झाला होता तेव्हा तिलाही कुणी एवढं जपलं नव्हतं.

मी शालू. त्याच प्रयोगशाळेत पलीकडच्या टेबलावर असते. बाटलीबंद औषधात जंतू राहिलेत का, ते बघणं माझं काम. हिमानीचं काम बरोब्बर उलटं, जे मारायचे तेच मरू न देण्याचं. कंपनी जनावरांची औषधं बनवते. शेळ्या-म्हशींच्या काळजात पानाच्या आकाराचे चपटे किडे होतात. पुस्तकात त्यांना पर्णकृमी म्हणतात. खाटीक कलेजी कापताना ते दिसले की शिवी हासडून ती कलेजी कुत्र्यापुढे टाकतो. शेळी आतून पोखरली जाते, अंगातलं रक्त आटतं, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते, आणि एके सकाळी ती उठत नाही. या किड्यांवर नवं औषध काढायचं तर ते आधी जिवंत किड्यांवर टाकून बघावं लागतं. आणि हे हरामखोर शेळीचं काळीज पोखरून मजेत जगतात, पण काचेच्या डिशमध्ये घातले की थोड्याच दिवसांत पांढरे पडून विरघळतात.

हिमानीने ते महिनोन्महिने जगवले. आमच्याकडे त्याआधी दोघा डॉक्टरेटवाल्यांनी प्रयत्न करून हात टेकले होते. ही पालघरजवळच्या माहीमची, मच्छीमाराच्या घरातली, पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली, कंत्राटावर लागलेली पोरगी. तिने काही जादू केली नाही. ती त्यांना चिकटून राहिली, एवढंच. डिशमधलं गुलाबी पाणी जरासं पिवळट झालं की बदलायचं, नव्या पाण्याची ऊब आधी मनगटावर बघायची, आईने बाळाची बाटली बघावी तशी. किडा उचलायला चिमटा नाही, मऊ कुंचला. शुक्रवारी एमआयडीसीची सुट्टी असते, वीज बंद असते, तेव्हा ही सुट्टीच्या दिवशी येऊन जनरेटरवाल्याच्या उरावर बसायची.

"तुझ्या पोरांनी दूध प्यायलं का गं?" मी तिला रोज विचारायची.

"प्यायलं. एकाने ओकलं," ती मान वर न करता सांगायची. किडे खरंच ओकतात, तपकिरी, धाग्यासारखं. ती ते कौतुकाने दाखवायची आणि माझा डबा खायची इच्छा जायची.

आता हे किडे साधेसुधे नव्हते. आमचे विपुल सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, त्यांना मुद्दाम मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे किडे हवे होते. तिथल्या शेळ्यांना सरकारी दवाखान्यातलं औषध पाजलं तरी किडे दाद देत नव्हते. जुन्या औषधाला न मरणारे किडे नव्या औषधाने मेले, तर त्या औषधाला बाजारात तोड नाही, असा सरांचा हिशेब. पाड्याच्या खाली एक डबकं आहे. शेळीच्या लेंडीतून किड्यांची अंडी त्या डबक्यात जातात, तिथल्या गोगलगायींच्या अंगात वाढतात, मग काठच्या गवतावर चिकटून बसतात, आणि ते गवत खाल्लं की परत शेळीत. हिमानी त्या गोगलगायी डब्यात भरून आणायची, त्यांच्यातून सुटणारी पिल्लं गोळा करायची आणि डिशमध्ये वाढवायची. म्हणजे डिश चालू राहायची तर डबकं चालू राहायला हवं, आणि डबकं चालू राहायचं तर शेळ्या आजारी राहायला हव्यात. हे असं सरळ कुणी बोलून दाखवलं नाही. सरांनी इंग्रजीत सांगितलं, ते ऐकायला बरंच सभ्य वाटलं.

त्या डबक्यावर सगळ्यात जास्त शेळ्या जमनाकाकीच्या. भाताची लावणी उरकल्यावर आम्ही दोघी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो. स्कूटी माझी, म्हणून मी. चिल्हार फाट्यावरून हायवे धरला आणि मनोरच्या पुढे आत वळून चिखलात शिरलो. जमनाकाकी ओटीवर बसून कुंपणाच्या काठ्या तासत होती. काटक बाई, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. हिमानीने तिला सगळं समजावून सांगितलं, आणि मग खरी गोष्ट बोलली.

"काकी, होळीपर्यंत शेळ्यांना किड्यांचं औषध द्यायचं नाही. दवाखान्यातलंसुद्धा."

"ते दिलं काय नि नाय दिलं काय, सारकंच हाय," जमनाकाकी म्हणाली. "दोन वरसं झाली, गुण नाय."

"म्हणून तर नवं बनवतोय. ते झालं की पहिली बाटली तुला."

"पयली? मला?"

"पहिली. माझा शब्द."

जमनाकाकीने कोयता बाजूला ठेवला. "बग हां बाय. माज्या घरात चूल पेटते ती या बकऱ्यांवर. दिवाळी झाली का अर्धा पाडा भट्टीवर जातो. जिव्या पन जातो. मी नाय जात, का तर बकऱ्या हाईत. मी हाय म्हनून चिमी शाळंत हाय. बकऱ्या गेल्या का मी गेली, नि मी गेली का चिमी पन गेली."

जिव्या तिचा नवरा, चिमी मुलगी. मनोरच्या शाळेत आठवीला होती. पाड्यावरच्या तिच्या वयाच्या बाकीच्या पोरी केव्हाच भिवंडीकडे विटा उचलत होत्या. हिमानी म्हणाली, "काकी, मी आहे ना." मला तेव्हाच तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. 'मी आहे ना' हे कंत्राटावरच्या माणसाने बोलायचं वाक्य नव्हे.

पण नशिबाने साथ दिली म्हणायची. दसऱ्याच्या सुमारास नवं औषध हिमानीच्या किड्यांवर टाकलं, आणि जे जुन्या औषधात आरामात वळवळत होते ते आकसले, काळवंडले आणि गपगार पडले. तिने कुंचल्याने हलवून बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. मग डिशकडे बघत नुसती उभी राहिली. इतके दिवस जपलेले, स्वतःच्या हाताने मारलेले. विपुल सरांनी सगळ्या मजल्याला फाफडा-जिलेबी मागवली. मी खाल्ली, हिमानीने तिची जिलेबी कागदात गुंडाळून ठेवली.

"आता शेळ्यांना कधी द्यायचं, सर?" तिने त्याच दिवशी विचारलं. शेळ्यांवरच्या चाचणीसाठी बाटल्या भरून शीतकक्षात तयार होत्या. औषध निर्धोक आहे हे आधीच दुसरीकडे तपासून झालं होतं. फक्त पाजायचं बाकी होतं.

सर म्हणाले बघू. दिवाळीनंतर म्हणाले, वरून निर्णय आलाय. हे औषध परदेशातल्या मेंढ्यांसाठी जाणार. तिकडचे मेंढीवाले कळपच्या कळप पाजतात. इकडच्या चाचण्या सध्या नाहीत.

"पण तिथल्या शेळ्या, सर? मनोरच्या?"

"त्या तर अजिबात नाही. तो आपला सोर्स आहे. तिकडे औषध गेलं तर पुढच्या वर्षी किडे कुठून आणणार?"

"मी शब्द दिलाय त्यांना."

सर हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट. "शब्द तू दिलास हिमानी. कंपनीने नाही दिला."

ती टेबलावर येऊन बसली आणि गुलाबी पाणी बदलायला लागली. औषध न टाकलेल्या डिश होत्याच, त्या जगवायच्या होत्या. तिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. मला सरांचा राग आला, त्याहून जास्त तिच्या त्या हातांचा आला.

थंडी पडली आणि जमनाकाकीचे फोन सुरू झाले. आधी काळी शेळी चरेना. मग एकीच्या जबड्याखाली पाणी भरलं. मग आणखी एकीच्या. "बाय, ती बाटली कवा?" एवढंच ती विचारायची. ओरडायची नाही, शिव्या द्यायची नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी एका शुक्रवारी, कंपनी बंद असताना, हिमानी शीतकक्षात गेली आणि पिशवीत काहीतरी घालून बाहेर आली.  मी स्कूटीची किल्ली काढली.

पाड्यावर पोचलो तर शेळ्या नव्हत्या. पाड्यावरच्या सगळ्या शेळ्या एकत्रच चरायला जातात, रोज एका घराची पाळी. त्या दिवशी दामूकाकाची पाळी होती आणि तो कळप घेऊन वर रानात गेला होता. येणार थेट दिवस मावळताना. हिमानीने घड्याळ बघितलं. मी तिला म्हटलं, "थांबूया. आपल्या हाताने पाजून जाऊ."

"जनरेटरचं डिझेल दुपारपर्यंतच आहे," ती म्हणाली. "डिश थंड पडतील, शालू."

म्हणजे शेळ्यांची वाट बघायला वेळ नव्हता, कारण किड्यांची वेळ झाली होती. हे मी तेव्हाच तिला ऐकवलं. ती रडकुंडीला आली, पण थांबली नाही. तिने मोठी सिरिंज काढली, तिच्यावर लाल मार्करने रेघ मारली, तांब्यातलं पाणी ओढून दाखवलं. एका शेळीला या रेघेपर्यंत. गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू. पिल्लाला अर्धं. जमनाकाकीने तिच्यादेखत तसंच पाणी ओढून दाखवलं, बरोब्बर रेघेपर्यंत.

"एवढी बाटली तुझ्या शेळ्यांना पुरून थोडी उरेल," हिमानी म्हणाली.

जमनाकाकीने बाटली दोन्ही हातांनी घेतली. आम्हाला निघताना शेवग्याच्या शेंगा दिल्या. परतीच्या वाटेवर हिमानी पहिल्यांदाच मोकळी हसली. म्हणाली, कळलं तर काढतील, काढू देत. मी म्हटलं, काढलं तर तुझ्या पोरांना मी दूध पाजेन. डिझेल संपायच्या आत आम्ही पोचलो. डिश उबदार होत्या.

त्यानंतर फोन आला नाही. आम्ही समजलो, शेळ्या सुधारल्या. बरं वाटलं की माणसं फोन करत नाहीत, असा आमचा शहाणपणा. संक्रांत होऊन गेल्यावर फोन आला तो चिमीचा. म्हणाली, "आय सांगते, ती काळी पन मेली. उरल्या त्या पन चालल्या. तुमाला काळीज पायजेल असल तर या."

हिमानीचा चेहरा बघवेना. "असं कसं होईल? ते औषध लागू पडतंच. मी बघितलंय." रस्ताभर ती मागे बसून तेच बोलत होती.

काळी ओटीसमोर पडली होती. मागे पडवीत आणखी दोन मान टाकून बसल्या होत्या, जबडे सुजलेले. बाकीच्या आधीच मेल्या होत्या, त्यांची दावी नुसतीच खुंट्यांना लोंबत होती. हिमानी सरळ विचारती झाली. "काकी, औषध दिलंस ना?"

"दिलं की."

"रेघेपर्यंत?"

 जमनाकाकी आत गेली आणि एक चमचा घेऊन आली. चहाचा, स्टीलचा.

"रेघंपर्यंत दिलं असतं तर माज्याच बकऱ्यांना पुरलं असतं," ती म्हणाली. "दामूच्या पन आजारी हाईत. खालच्या घरातल्या म्हातारीच्या दोनच हाईत, त्या पन सुजलेल्या. एका कळपात चरतात गं त्या. सांजच्याला सगले आलं, मी बाटली मदी ठेवली. एक एक चमचा सगल्यांच्या बकऱ्यांना. वाटं केलं."

रानात कुणाला ससा मिळाला तरी पाड्यावर त्याचे वाटे होतात. किती लहान वाटा, हा प्रश्नच नसतो. कुणाचं घर वगळायचं नसतं, एवढंच असतं. हिमानीसारखी मीही किनाऱ्यावरचीच. आमच्याकडे समुद्रावरही वाटे होतात, पण ते होडीचा, जाळ्याचा, माणसाचा, ज्याचा त्याला हक्काचा. तो घेऊन आम्ही दार लावून जेवतो. हिमानीने 'तुझ्या शेळ्या' म्हटलं ते तिच्या गावच्या रीतीने. तिच्या डोक्यात हे आलंच नाही की एका अंगणात औषध आलं तर ते एका अंगणात राहणार नाही.

"काकी, अगं औषधाचे वाटे नसतात!" हिमानी जवळजवळ किंचाळली. "थोडं थोडं दिलं की कुणालाच लागू पडत नाही. तुझ्या तरी वाचल्या असत्या!"

"नि मी काय सांगनार व्हती दामूला?" जमनाकाकीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माज्या वाचूं दे, तुज्या मरूं दे? त्याच्याच पाळीत चरल्या ना माज्या बकऱ्या? तूच सांग बाय, काय सांगनार व्हती?"

  मला जमनाकाकीचा भयंकर राग आला होता, आणि ती नेमकी कुठे चुकली हे मला अजूनही दाखवता येत नाही. तरी शेळ्या मेल्या त्या मेल्याच.

मग हिमानी खाली बसली आणि तिने अगदी हळू विचारलं, "आधीचं सरकारी औषध... तेपण असंच?"

"मंग कसं? दवाखान्यातून बाटली कवा पुरती मिळते?"

तिने डोळे मिटून घेतले. या पाड्यावरचे किडे जुन्या औषधाला का मरत नव्हते, ज्यासाठी कंपनीने एवढा खटाटोप मांडला होता, ते इथे एका चमच्यात होतं. थोडं थोडं औषध चाखून नाजूक किडे मरत होते, चिवट तेवढे उरत होते, आणि त्यांचीच पुढची पिलावळ. वर्षानुवर्षं.

दामूकाकाने काळीचं पोट फाडलं. काळीज दगडासारखं घट्ट झालं होतं. कापलं तसे किडे बाहेर आले, जिवंत, ओलसर, वळवळणारे. मी हिमानीकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हात पिशवीत जाऊन थर्मास शोधत होता. कोमट मिठाचं पाणी ती नेहमी बरोबर ठेवायची. कुंचल्याने एकेक किडा उचलून तिने थर्मासमध्ये सोडला. जमनाकाकी बघत होती. आम्ही तिच्यापुढे ते करत राहिलो.

प्रयोगशाळेत तिने त्या किड्यांवर नवं औषध टाकलं. तेच औषध, तेवढंच. दुसऱ्या दिवशी बरेच मेले होते. थोडे मेले नव्हते. तिसऱ्या दिवशीही मेले नव्हते. ती डिश घेऊन सरळ विपुल सरांच्या केबिनमध्ये गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. बाटली, चमचा, सगळं. मी दाराबाहेर उभी होते. तिचं सामान भरायला कुठली पिशवी आणावी, हा विचार करत होते.

सरांनी तिला बसवलं. चहा मागवला. "जिवंत किती आहेत?" त्यांचा पहिला प्रश्न.

तिने सांगितलं.

"बाटलीचं जाऊ दे," सर म्हणाले. "तुला कळतंय का, तू काय आणलंयस? आपलं औषध अजून बाजारात नाही आणि त्याला न मरणारा किडा आपल्याकडे आहे. उद्या या औषधाचा गुण संपेल तेव्हा पुढचं औषध याच किड्यावर बनेल. लोक यासाठी वर्षं घालवतात. हे मरता कामा नयेत, हिमानी. काय लागेल ते माग." आणि मग, खुर्चीत मागे रेलून, "पुढच्या महिन्यापासून तू कायम. मी बोलतो वर."

ज्यासाठी ती इतकी वर्षं शुक्रवारसुद्धा घासत होती ते असं तिच्या ताटात पडलं. तिने घेतलं. मी तिला दोष देणार नाही. माहीमला वडिलांची होडी केव्हाच किनाऱ्याला लागून सडली होती, आणि घर तिच्यावरच चाललं होतं. तिने फक्त विचारलं, "जमनाकाकीचं काय, सर? तिच्या सगळ्या गेल्या. ती आता मुलीला घेऊन भट्टीवर जाणार."

"मग शेळ्या देऊ ना तिला," सर लगेच म्हणाले. "आपण काय राक्षस आहोत? आणि आपल्यालाही डबकं चालू राहायला हवंच आहे."

कंपनीचा टेम्पो गेला त्या दिवशी आम्ही त्याच्या मागे होतो. शेळ्या चांगल्या होत्या, खोटं का बोला. चकचकीत केसांच्या, कानात पिवळे बिल्ले. पाड्यावर पोचलो तेव्हा जमनाकाकीने गाठोडी बांधून ओटीवर आणून ठेवली होती. भट्टीवाल्याची गाडी दुपारी येणार होती. चिमी गाठोड्यावर बसली होती, अंगात शाळेचाच ड्रेस, कारण बाकीचे कपडे गाठोड्यात गेले होते.

जमनाकाकीने एकेका शेळीचं तोंड उघडून दात बघितले, कास दाबून बघितली. "या दोन गाभन हाईत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता.

"काकी, ह्या कंपनीने दिल्यात," हिमानी म्हणाली. "पण..."

पुढचं तिला जमेना. सरांनी तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं. त्याच डबक्यावर चारायच्या. कसलंही औषध द्यायचं नाही. आजारी पडल्या की फोन करायचा. तीन सोपी वाक्यं होती. ती माझ्याकडे बघायला लागली. मी टेम्पोच्या चाकाकडे बघितलं.

"डबक्यावर चारायच्या, नि औषध नाय द्यायचं," जमनाकाकीच म्हणाली. "तेच ना?"

हिमानीने मान हलवली.

"समजतं मला बाय. तुमचे किडे जगाया पायजेत. ते कशात तरी जगनार."

"काकी, त्या मरतील गं."

"मरतील." जमनाकाकीने गाभण शेळीच्या पाठीवर हात ठेवला. "आज नाय मरत. पाऊस जाईल, दुसरी दिवाळी जाईल. तवर पिल्लं व्हतील, चिमीची नववी व्हईल. मंग बगू. माज्या पयल्या काय, औषधाची वाट बगूनच मेल्या ना? या वाट तरी नाय बगनार."

हिमानी रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलीसारखी. जमनाकाकीने तिला उगी उगी म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. तिने दामूकाकाला हाक मारली आणि कुठली शेळी कुठल्या घरी बांधायची ते सांगायला लागली. मग चिमीकडे वळली.

"चिमे, बसलीस काय? गठडी आत ने. नि उद्यापास्नं शाळंत जा."

चिमी उठली आणि दोन्ही गाठोडी घेऊन आत पळाली. शेळ्या सकाळपासून टेम्पोत होत्या, तहानेने ओरडत होत्या. जमनाकाकीने काठी घेतली आणि त्यांना खाली डबक्यावर नेलं. काठावरचं गवत थंडीतही हिरवंगार होतं. शेळ्या आधी पाणी प्यायल्या आणि मग ते गवत खायला लागल्या.